गिरणीचे दर वाढवताना : सातारा, जून २०२५ ते जानेवारी २०२६

९ जून २०२५

गव्हाचं दळण किलोला ६ रुपये. २०२१ च्या दिवाळीपासून हाच दर, त्याआधी ५ होता. दहा एचपीची मोटर, वीस इंची एमरी दगड, भाड्याचा गाळा. माणसं तीन : मी, दगडापाशी मामा (आप्पांच्या वेळेपासून आहेत) आणि संध्याकाळी गल्ल्यावर आप्पा. आसपासच्या दोन गिरण्यांचाही दर ६. आधी कुणी वाढवायचा, यावर सगळे एकमेकांच्या पाटीकडे बघत बसलेत.

मे महिन्याचा हिशेब कागदावर मांडला. दळण साधारण ६,३५० किलो, जमा ३९,४००. त्यातून गाळ्याचं भाडं ८,५००, मामांचा पगार ११,०००, वीजबिल ६,०००. पट्टा, बेअरिंग, दगडाला टाकी लावणं (छिन्नीनं पुन्हा खरखरीत करणं), ग्रीस हे वर्षाचं धरून महिन्याला काढलं तर १,८००. वजनकाट्याची वार्षिक पडताळणी, झाडू, पिशव्या आणि किरकोळ ६००. उरले ११,५००. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत गिरणी उघडी ठेवून मालकीण आणि तिचे वडील मिळून मामांपेक्षा ५०० रुपये जास्त कमावतात.

आप्पा म्हणाले, "वीज वाढली असं लिही पाटीवर आणि रुपया वाढव. विजेला कुणी नाही म्हणत नाही." तसं करणारच होते. पण गेल्या वेळी ५ चे ६ केले तेव्हाही हेच लिहिलं होतं आणि त्यातून हाती काय आलं ते आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी वही घातली. प्रत्येक दळणाला धान्य, किलो आणि मिनिटं. मिनिटं म्हणजे दगड फिरला तेवढीच नव्हेत. आधीचं पीठ झटकणं, जाड-बारीक लावणं, डबा भरून गिऱ्हाइकाच्या हातात देणं, सगळं त्यात.

गिरणी, इस्त्री, शिलाई, पंक्चर, कशाचाही दर ज्यांना वाढवायचाय त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितेय. त्यामुळे आकडे आहेत तसेच ठेवलेत.

२३ जून

वही भरली. मामा पहिले दोन दिवस मिनिटं लिहायलाच विसरले, ती पानं सोडून दिली.

विजेचा हिशेब आधी. ६,००० भागिले ६,३५०. स्थिर आकार धरूनही किलोमागं एक रुपयाच्या आत. म्हणजे विजेचा दर दहा टक्क्यांनी वाढला तरी किलोमागं दहा पैशांचाही फरक पडत नाही. त्या नावानं रुपया मागायचा म्हणजे उघड खोटं, आणि एखाद्या चौकस गिऱ्हाइकानं बिल मागितलं की संपलंच.

खरी गंमत मिनिटांत निघाली. दहा किलो गहू सहा-सात मिनिटांत होतो, त्याचे ६० रुपये. गव्हामागं गहू असेल तर मध्ये काहीच करावं लागत नाही. दोन किलो थालीपिठाची भाजणी दळायला दोन मिनिटं. पण त्याआधी दगड मोकळा करायचा, दोन दगडांमधलं अंतर बदलायचं, नंतर मूठभर तांदूळ फिरवून धने-जिऱ्याचा वास काढायचा, पुन्हा गव्हाचं अंतर लावायचं. सगळी मिळून नऊ मिनिटं, आणि भाजणीचा दर १० रुपये म्हणून जमा २०. एक किलो तांदळाची पिठी तर सहा मिनिटं खाते आणि ७ रुपये देते.

गहू मिनिटाला नऊ-दहा रुपये देतो, भाजणी दोन-सव्वादोन, पिठी रुपयाच्या जरा वर. मोटर मात्र या सगळ्या वेळात चालूच. रिकामी मोटरही वीज खातेच.

वहीतली अर्धी मिनिटं अशा किरकोळ दळणांत गेली होती आणि वजनात ती सातवा हिस्सासुद्धा नव्हती. आम्ही इतकी वर्षं किलोचा दर लावत होतो आणि खर्च होत होती ती मिनिटं. सरसकट रुपया वाढवला असता तर गहू आणणाऱ्यानं पिठीवाल्याचा वेळ भरला असता.

३ जुलै

चार गिरणीवाले चहाला बसलो. ठरलं असं की १५ ऑगस्टपासून सगळ्यांनी मिळून ८ करायचे, खाली कुणी जायचं नाही. मी मान डोलावून आले. माझा भाचा सी.ए.चं शिकतो, त्याला सहज सांगितलं तर म्हणाला, "मावशी, असं मिळून भाव ठरवणं स्पर्धा कायद्यात बसत नाही. २००२ च्या कायद्याचं कलम ३ वाच." चार गिरण्यांवर कोण धाड घालणार, हे त्यालाही माहीत आहे. पण मला वेगळीच शंका होती. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ७ नं घ्यायला लागणार आणि मग मीही खाली येणार. म्हणजे माझा दर दुसऱ्याच्या शब्दावर टांगलेला. त्यापेक्षा माझ्या वहीतून निघतो तो दर, मला जमेल त्या तारखेला.

६ जुलै, आषाढी

आज उपासाच्या भाजणीसाठी गिरणी थांबवावी लागली. वरी, साबुदाणा, राजगिरा एकत्र. घरून भाजून आणलेलं, आणि "ताई, गव्हाचा कण नको हं" ही अट. दगडाची पेटी उघडून ब्रशनं झाडली, पहिली मूठ त्यांच्याच धान्यातली फिरवून बाजूला काढली. तेवढ्यात गव्हाचे तीन डबे ताटकळले आणि त्यातला एक उठून दुसऱ्या गिरणीत गेला. उपासाच्या दळणाचे आम्ही भाजणीइतकेच १० घेतो. हे पाटीवर वेगळं काढायचं.

पावसाचं आणखी एक. ज्वारी सादळून येतेय. ओलसर धान्य दगडाला चिकटतं आणि दहा किलोला दहा मिनिटं लागतात. त्याला जादा दर लावायचा विचार सोडला, भांडणाला आमंत्रण. "ऊन दाखवून आणा" म्हणून परत पाठवतो. ऊन नाही म्हणाल्या तर कोरड्या कढईत जरा फिरवा.

१४ जुलै

पाटीचा पहिला मजकूर : "वाढत्या महागाईमुळे नाइलाजाने दरवाढ करीत आहोत, ग्राहकांनी सहकार्य करावे ही नम्र विनंती." कागदावर लिहून काउंटरवर ठेवला, लोक काय म्हणतात ते बघू म्हणून. दिवसभरात तीन-चार जणांशी वाद. महागाई आम्हाला नाही का, वर सोलार बसवा, पेन्शन तेवढीच आहे आमची. विनंती केली की समोरचा विचार करून उत्तर देतो आणि उत्तर नाही असंच असतं. कागद फाडला.

दुसरा मजकूर, रंगाऱ्याकडून पत्र्यावर, ६५० रुपये :

१ ऑगस्टपासून
गहू, ज्वारी, बाजरी : ७
तांदूळ, डाळी : १०
भाजणी : १५
दगड बदलून दळण : किमान ३०

दगड बदलणं म्हणजे आधीचं धान्य झाडून नव्या धान्याचं अंतर लावणं. आप्पांना किमान ३० पटलं नाही. "अगं, किलोभर पिठीला तीस? लोक हसतील." मी वही पुढं केली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि हसायचं तर हसू देत म्हणाले. हे त्यांचं होकार देणं.

१८ ते २६ जुलै

पाटी लावायच्या आधी मोठ्या गिऱ्हाइकांना भेटून सांगितलं. हे करायचंच. पाटीवर वाचून कळलं तर माणूस दुखावतो.

खानावळवाले : एक दिवसाआड ४० किलो गहू. अपेक्षेप्रमाणे घासाघीस, घरघंटी घेतो वगैरे. घरच्या चक्कीवर ४० किलो दळायला त्यांना अख्खी रात्र बसावं लागेल हे त्यांनाही माहीत आहे. शेवटी ६ च ठेवले, पण अट घातली : पोतं सकाळी टाकायचं, पीठ संध्याकाळी न्यायचं. मधल्या रिकाम्या वेळात मी ते दळते, मोटर नुसती फिरायची ती धान्यावर फिरते. सवलत दिली ती त्याची.

भाकरी केंद्रवाल्या ताई : रोज १५ किलो ज्वारी. यांच्याकडे जायची मला सगळ्यात भीती होती, कारण त्यांचा धंदा पैशापैशावर. त्यांनीच हिशेब केला. किलोत दहा-अकरा भाकऱ्या, म्हणजे रुपया वाढला तर भाकरीमागं नऊ-दहा पैसे. "त्याचं काय नाही. मला पीठ साडेसहाला पाहिजे, आदल्या रात्रीचं नको. विरी (पिठाचा चिकटपणा) गेली की भाकरी थापताना फाटती आणि फाटलेली विकत नाही." सातला उघडणारी गिरणी सव्वासहाला उघडायची, त्याचे किलोला ८ घ्या, असं त्याच म्हणाल्या. मी ७ सांगायला गेले होते.

भाव वाढवताना बहुतेक जण दरावर भांडतील असं धरून गेले होते. निम्म्यांना अडचण वेळेची होती.

१ ऑगस्ट

लागू. श्रावण चालू झालाय, त्यामुळं उपासाचं दळण भरपूर.

"काय गं, एक रुपया वाढवलास व्हय?" हे दिवसभर. त्यातल्या बहुतेकांना उत्तर नकोच असतं, मी "व्हय" म्हणते आणि डबा काट्यावर ठेवते. सविस्तर सांगायला लागलं की मागची रांग ऐकते आणि तिला मतं सुचतात. दोघी पिठीचा डबा उचलून परत गेल्या. एकीनं सरळ सांगितलं, किमान ३० असतील तर पुढच्या वेळी चार किलो आणते. मला हेच हवं होतं.

सुट्ट्यांचा प्रश्न. ६ च्या दरात पाच किलोचे ३०, दहाचे ६०. ७ नं तीन किलोचे २१, चारचे २८. यूपीआयवर अडचण नाही. रोखीवाल्यांसाठी बँकेतून एक-दोनची नाणी आणून ठेवलीत.

११ ऑगस्ट

संध्याकाळची जमा किलोशी जुळत नाही. रोज ४०-५० कमी. दोन दिवस मामांना विचारलं, मग गल्ल्याशेजारी उभी राहून बघितलं. आप्पा २१ चे २० घेतायत, ३६ चे ३५. "एका रुपयासाठी तोंड वाईट करू?" महिन्याला हे १,२०० च्या वर जातं. म्हणजे वाढलेल्या दरातून मिळणाऱ्या पैशाचा मोठा तुकडा आप्पा रोज संध्याकाळी परत करत होते.

त्याहून महागात पडलं ते दुसरं. त्यांच्या फिरायला जाणाऱ्या मंडळातल्या चौघांना ते अजून ६ नंच दळून देत होते. रांगेतल्या एका काकूंनी ऐकलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मलाच सात का?" यावर देण्यासारखं उत्तर नसतं. त्या आठवड्यात तीन घरची गिऱ्हाइकं तुटली. दर ७ झाल्यावर कुणी इतकं चिडलं नव्हतं.

काय बदललं :

वजन केल्यावर मामा चिठ्ठीवर किलो आणि रक्कम दोन्ही लिहितात. आप्पा चिठ्ठीवरचे घेतात. त्यामुळे माफ करायचा अधिकार गल्ल्यावर राहत नाही, आणि आप्पांचीही सुटका. "चिठ्ठीत आहे बाबा, मी काय करू" असं आता तेच म्हणतात.

ओळखीला सवलत बंद. ज्याला द्यायचं त्याला पूर्ण फुकट दळून द्या, ६ नं देऊ नका. फुकट दिलेलं बघून कुणी भांडत नाही. हे सांगितल्यावर चारपैकी एकाचंच फुकट चालू राहिलं. बाकीच्या तिघांना आप्पांना फुकट द्यावंसं वाटलं नाही.

२१ ऑगस्ट

दळण कमी झालंय, पण वही म्हणते कमी झालंय ते बहुतेक पिठी आणि किलो-दोन किलोच्या डाळींचं. तेवढी मिनिटं सुटली. दुपारी बारा ते दोन पूर्वी दगड सारखा बदलत असायचा, आता सलग गहू चालतो.

मात्र एक नवी तक्रार चालू झालीय, जी चार वर्षांत आली नव्हती : तूट. "दहा किलो दिले, पीठ नऊ किलो आठशे." लोक घरी जाऊन वजन करायला लागलेत. सहा रुपयांत कुणी करत नव्हतं. दर वाढला की माणूस बाकीचंही मोजायला लागतो, हे लक्षात घेऊनच वाढवायला हवं होतं.

तूट असतेच. दगडात धान्य तापतं, थोडा ओलावा उडतो, थोडं पीठ पेटीत राहतं, थोडं हवेत. पण दहा किलोला दोनशे ग्रॅम जास्त आहेत. दळणं आत-बाहेर तोलून बघितली, दीडशे ते दोनशेच भरली. गिऱ्हाईक बरोबर होतं.

२४ ऑगस्ट आणि पुढचे दिवस

अर्धा दिवस गिरणी बंद ठेवून पेटी उघडली. तीन गोष्टी सापडल्या.

झाकणाखालची पट्टी कडक होऊन चिरली होती. तिथून पीठ उडून मागच्या भिंतीवर बसायचं. भिंत पांढरी दिसते ती गिरणी म्हणून, असंच आम्ही समजत होतो. नवी पट्टी ४८०.

पीठ पडतं तिथली कापडी बाही जुनी, शिवणीतून गळत होती. जाड कापडाची शिवून घेतली, ३५०.

तिसरं जरा नाजूक. रांग लांबली की मामा धान्य जास्त सोडून दगड आवळतात. वेळ वाचतो, पण पीठ हाताला चटका बसेल इतकं गरम येतं आणि ओलावा जास्त उडतो. मामांना ते माहीत होतं. मीच त्यांना "आटपा, आटपा" करत होते. दगडालाही टाकी लावायची झाली होती, बोथट दगड घासून जास्त तापवतो. टाकीवाल्याचे १,२००, आणि तो सांगून चार दिवसांनी आला.

टाकीनंतर पहिलं दळण कुणालाही देऊ नका, कचकच येते. पाच किलो साधे गहू आमचे फिरवले, ते गाईला घातले.

आता तूट दहा किलोला ८० ते १०० ग्रॅम. काट्याचा डिस्प्ले गिऱ्हाइकाकडे फिरवलाय. धान्य टाकताना आणि पीठ देताना दोन्ही वजनं चिठ्ठीवर. दोन हजारांच्या आसपास खर्च झाला आणि त्यानंतर ७ रुपयांवर बोलणं जवळजवळ बंद झालं. हे जुलैत करून मग पाटी लावायला हवी होती.

९ सप्टेंबर

किमान ३० चा वाईट भाग. एक आजी आहेत, एकट्या राहतात. किलोभर ज्वारी आणतात, आठवडा जातो. दगडावर गहू होता, मामांनी नियमानं ३० सांगितले. आजींनी काही न बोलता पिशवी उचलली. आप्पा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

नियम नीट वाचला तर चूक मामांची नव्हती, पाटीची होती. ३० रुपये कशाचे, तर दगड बदलण्याचे. ज्वारीमागं ज्वारी गेली तर बदलायचं काहीच नाही. म्हणून वेळा पाडल्या. सकाळी सव्वासहा ते आठ ज्वारी-बाजरी, त्यात भाकरी केंद्राचं दळण असतंच. आठ ते एक गहू. एक ते तीन डाळी, तांदूळ, भाजणी. तीनच्या पुढं गहू. आपापल्या वेळेत किमान नाही, किलोचा दर. वेळेबाहेर हवं असेल तर ३०. आणि चिठ्ठी लावून डबा ठेवून गेलात तर त्या-त्या वेळेला आम्ही दळून ठेवू, तेव्हाही किमान नाही.

आजींना मामा घरी जाऊन सांगून आले. आता त्या संध्याकाळी पिशवी ठेवतात, सकाळी नेतात, ७ रुपये.

पाटीवर खालच्या ओळीत वेळा रंगवल्या, २०० रुपये. वेळा लावल्यावर ३० रुपये घ्यायची पाळी दिवसातून एकदा-दोनदाच येते. पण तो आकडा पाटीवर आहे म्हणून लोक वेळेत येतात. किमान दर कमाईसाठी ठेवला होता, त्यातून कमाई जवळजवळ होत नाही आणि तरी तो काढायचा नाही.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

आजपासून जीएसटीचे नवे दर. सकाळपासून चौघांनी विचारलं, "सगळं स्वस्त झालं टीव्हीवर, तुम्ही कसं वाढवलं?" माझी वर्षाची उलाढाल सहा लाखांच्या आत. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वीस लाख. मी जीएसटी कधी घेतलाच नव्हता, कमी कुठून करू? हे एकदाच नीट सांगितलं, पुढच्यांना आप्पांनी आपणहून सांगितलं, त्यांच्या पद्धतीनं, जरा लांबवून.

उपासाचं दळण : आदल्या दिवशी रविवारी दुपारी एक ते चार फक्त तेच ठेवलं. पेटी एकदाच झाडली. दर २०. आषाढीला १० नं करताना जी चिडचिड झाली होती ती नाही, उलट "फक्त उपासाचं" असं लिहिल्यामुळं दुसऱ्या पेठांतूनही लोक आले. वीस महाग आहे असं एकही जण म्हणालं नाही. जिथं शंका दूर होते तिथं लोक पैसे देतात. भाजणीलाही असंच काही करता येईल का बघायचं.

६ ऑक्टोबर

दसरा झाला. चकलीच्या भाजण्या सुरू. दिवाळीत दर वाढवायचा मोह सगळ्यांना होतो, शेजारच्यांनी आजच ७ ची पाटी लावली. म्हणजे ऑगस्टमध्ये मी एकटी पडले होते ते दोन महिनेच. पण सणाच्या तोंडावर वाढवल्यामुळं त्यांच्याकडं जास्त बोलणी खाताना ऐकलं. आमच्याकडं पाटी जुनी झाली होती.

भाजणी मी १५ वरच ठेवली. शेजारी १२ नं करतायत.

१४ ऑक्टोबर

१५ कमी पडले. दर म्हणून नव्हे, रांग म्हणून. एक ते तीनची वेळ पुरत नाही, पाचपर्यंत भाजणी चालते आणि संध्याकाळचा गहू तुंबतो. शेजारी १२ वाल्यांकडं इतकी गर्दी झाली की त्यांनी नवीन डबे घेणं थांबवलं आणि ती माणसं माझ्याकडं आली.

गरम भाजणीनं दोनदा दगड बसला. घरी भाजतात आणि गार न करता तसाच डबा घेऊन येतात. आत वाफ धरते, डाळीचं पीठ दगडाला लेपासारखं चिकटतं, मग पेटी उघडा, खरवडा, अर्धा तास जातो. आता डबा घ्यायच्या आधी मामा त्यात हात घालतात. कोमट लागला तर झाकण काढून फळीवर, नंबर मागं. अनारशाची पिठी या आठवड्यात घ्यायचीच नाही असं ठरवलं. भिजवलेला तांदूळ पुरता वाळवलेला नसतो, किलोभरासाठी दगडाची वाट लागते.

मदतीला एक मुलगा ठेवलाय, वसुबारसेपर्यंत, ३,५००.

२ नोव्हेंबर

ऑक्टोबरची जमा ५४,००० च्या वर गेली. पण दिवाळीचा महिना हिशेबाला धरायचा नाही, दरवर्षी असाच फुगतो. मामांचा पगार या महिन्यापासून १२,५०० केला. त्यांनी मागितला नव्हता. सगळ्या पद्धती त्यांच्याच हातून चालतात आणि ते गेले तर मला दगडाचा आवाज ऐकून काही कळत नाही.

१ डिसेंबर

नोव्हेंबर हा साधा महिना, मे महिन्याशी लावायला बरा. दळण ६,१०० किलो, जमा ४४,६००. खर्च २९,४००, त्यात मामांचे वाढलेले दीड हजार. उरले १५,२००. मेच्या मानानं ३,७०० जास्त. फार नाही. सरसकट ८ केले असते तर कागदावर यापेक्षा बरंच जास्त दिसलं असतं, पण तुटलेली घरं त्यात दिसत नाहीत.

आकड्यात न येणारी एक गोष्ट मात्र झाली. रात्री आठऐवजी सातला शटर पडतं.

तुटलेल्या तीन घरांपैकी एक परत आलं. काकू अजून आलेल्या नाहीत, रस्त्यात दिसल्या तरी बघत नाहीत.

१३ जानेवारी २०२६, भोगी

गेले चार दिवस बाजरीच बाजरी. सकाळची वेळ दहापर्यंत वाढवली आणि तशी चिठ्ठी शटरवर आठवडाभर आधी लावली, त्यामुळं गव्हावाले आलेच नाहीत. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून सगळ्यांना आदल्या दिवशीच दळायचं असतं. ती गर्दी वेळेनं टळत नाही, माणसंच वाढवावी लागतील. पुढच्या वर्षी दिवाळीतल्या मुलाला भोगीलाही बोलवायचं.

दगड झिजलाय, टाकीवाला म्हणतो फार तर पुढची दिवाळी निघेल. नव्या जोडीचा भाव काढायला सांगितलाय. तो आला की किलोमागं किती पैसे बसतात ते काढून जुलैत पाटी पुन्हा बघायची. तोपर्यंत महिन्याला हजार बाजूला. पत्र्याच्या पाटीवर आकडे रंगवलेले आहेत, दर वेळी रंगारी २०० घेतो. म्हणून या वेळी आकड्यांच्या जागी खिळे मारून पत्र्याच्या चकत्या लटकवून घेतल्या.